गट सातची ओळ

बारामती-इंदापूरला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं क्षणभर थांबतात आणि मग विचारतात, "कुणाचं लग्न होतं?" तिकडे लग्नाला जातात, सोयरीक बघायला जातात, फार तर हिवाळ्यात भिगवणला पक्षी बघायला जातात. मी गेले होते एका ओळीसाठी. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधली एक ओळ ठेवायची की काढायची, एवढंच मला ठरवायचं होतं. त्यासाठी मला तीन दिवस मिळाले, आणि ते तीनही दिवस मी काळजीतच काढले. तरी सांगते, जाण्यासारखा मुलूख आहे. माझ्यासारखा स्वभाव नसेल तर जास्तच.

माझा स्वभाव म्हणजे, घराला कुलूप लावून जिना उतरले की पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघणाऱ्यांतला. सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा गुण समजला जातो. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचा (नाव लिहीत नाही, अजून काम चालू आहे) जुना प्रोग्रॅम नव्या पद्धतीने लिहून द्यायचं काम आमच्याकडे आलं. कोणाचा ऊस कधी तोडायचा, हे तो प्रोग्रॅम ठरवतो. शेतकरी लागणीची, म्हणजे ऊस लावल्याची, नोंद करतो, ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, असा साधा हिशोब. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, नव्वदच्या दशकातली भाषा. आता ती शिकवणारंही कोणी राहिलेलं नाही.

मी शिकले तेव्हा माहिती म्हणजे पुस्तक. अप्पा बळवंत चौकात उभं राहून किंमत बघायची, परत ठेवायचं, पुढच्या महिन्यात घ्यायचं. निम्मं कळायचं नाही, पण जे कळायचं ते डोक्यात बसायचं. मग सीडी आल्या. मग इंटरनेटवरचे अनोळखी लोक आले. प्रश्न टाकला की जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातून कोणीतरी आधी झापायचं, "हे विचारून झालंय, शोधलंस का?" आणि मग उत्तर द्यायचं. तेव्हा त्या झापण्याचा राग यायचा. आता कधी कधी आठवण येते, कारण झापणारा माणूस असायचा, आणि तो चुकला तर दुसरा येऊन त्याला झापायचा. गेली काही वर्षं मी यंत्रालाच, म्हणजे एआयला, विचारते. ते कधीच झापत नाही.

त्या यंत्राने कारखान्याचा अख्खा जुना प्रोग्रॅम एका दुपारी नव्या भाषेत करून दिला. फक्त एका ओळीशी ते अडलं. गट सात असेल तर लागणीची तारीख दीड महिना पुढची धरा, असं त्या ओळीत होतं. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. यंत्र म्हणालं, ही चूक असावी किंवा पक्षपात असावा, काढून टाकू का?

मी "हो" लिहिलं, आणि पाठवायच्या आधी पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली.

लासुर्ण्याच्या पुढे

बारामतीत सामान टाकून मी इंदापूरच्या रस्त्याला लागले. बारामती बघून मला दर वेळी वाटतं, की आमच्या पेठांनी एकदा येऊन इथले रस्ते बघावेत. गाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना ऊस. लासुर्ण्याच्या आसपास तर तो इतका उंच होता की गाडीतून फक्त आभाळाची पट्टी दिसत होती. दिवाळी नुकतीच झाली होती. कारखान्याच्या जवळ ऊसतोड टोळ्या येऊन पडल्या होत्या, त्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या, उभ्या राहत होत्या. बायका पाचट रचत होत्या, बैल बांधलेले होते. ही सगळी माणसं माझ्या प्रोग्रॅमची वाट बघत बसली आहेत, असं मनात आलं आणि मी गाडी हळू केली.

शेतकी अधिकारी जाधव मोकळा माणूस. आमच्याकडे आधी "चहा घेणार का?" विचारतात आणि उत्तरात "नको"ची अपेक्षा ठेवतात. इथे मी बसायच्या आधी कप पुढ्यात होता.

"गट सात म्हंजी फुगवट्याच्या काठाची चार गावं, मॅडम," ते म्हणाले. फुगवटा म्हणजे उजनी धरणाचं मागे पसरलेलं पाणी. "त्यांची तोड दरसाल उशिरा निघती. उसाला तुरा येतो, वजन घटतं, मग लोक येऊन आमच्या टेबलावर हात आपटत्यात. म्हणत्यात, राजकारण हाय. आमी सांगतो, बाबांनो, कॉम्प्युटरमध्येच तसं हाय."

"पण का आहे?"

"ते आमाला बी ठावं न्हाय."

"मग काढू का?"

जाधवांनी कपात उरलेला चहा बशीत ओतला. "काढा म्हणलं तर काढू. पन तशी वळ कुनी उगाच घातली नसंल. काढली आन काय झालं, तर लोक माझं नाव घेनार. आन मी तुमचं." हे त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं. परवा संध्याकाळपर्यंत ठरवायचं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोळी टाकून गाळप सुरू होणार, आणि टोळ्यांना तोडीच्या चिठ्ठ्या वाटणार.

मी विचारलं, हा प्रोग्रॅम लिहिला कोणी?

"तात्यांनी. लोणी भापकरचं. रिटायर होऊन लई वर्सं झाली." मग जरा थांबून, "आसतील अजून."

लोणी भापकर

होते. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, पांढरा सदरा, हातात मोबाइल. फोनवर कोणाला तरी "जयभीम, जयभीम, ठेवतो, पाव्हणं आलंत" म्हणाले आणि मला बघून उठून उभे राहिले. मी पुण्याची, कारखान्याच्या प्रोग्रॅमचं काम करते, म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. जुन्या प्रोग्रॅमची छापील पानं मी बरोबर नेली होती. ती त्यांनी मांडीवर घेतली आणि ओळींवरून बोट फिरवत वाचायला लागले.

"हे माझं हाय," ते म्हणाले. "बघा, हितं मी तारखेत सालाचं चारी आकडं लावल्यात, तवा दोन हजार साल येणार म्हणून समदे घाबरलेले. आमी आधीच सोय केलेली."

ते कसे शिकले, ते मी विचारलं. शिकलेला गावातला पहिला माणूस म्हणून कारखान्याने त्यांना पुण्याला कोर्सला धाडलं. मॅन्युअल होतं, पण संस्थेचं. त्यातलं जमेल तेवढं झेरॉक्स करून आणलं. कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे आणि तिथे गारवा असे, म्हणून संचालक दुपारी तिथेच येऊन बसत. अडलं की पुण्यातल्या एका सरांना फोन करायचा. फोन लागेपर्यंत निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडायचं.

"ते झेरॉक्स आहेत अजून?"

"वाळवीनं वाचलं समदं," ते म्हणाले आणि खळखळून हसले.

मग मी ती ओळ दाखवली. गट सात. त्यांनी वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली. बोट त्या ओळीवरच राहिलं. मी वाट बघत होते आणि मला कळायला लागलं होतं की मी ज्याची वाट बघतेय ते येणार नाही.

"हे मी लिवलंय?" तात्यांनी मला विचारलं.

तेवढ्यात काकूंनी मला आत बोलावलं. स्वयंपाकघरात चुलीपाशी बाजरीची भाकरी टाकता टाकता त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, अलीकडं इसरत्यात. परवा नातवाचं नाव सापडंना. कायतरी इचारलं आन न्हाय आलं, की दिवसभर तेच धरून बसत्यात. जेवत न्हाईत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माझी काळजी सोडवायला आले होते आणि जाताना ह्या घरात एक ठेवून चालले होते.

बाहेर आले तर तात्या पानांची घडी करत होते. "बाई, मी कुणाला न इचारता अशी वळ घालणाऱ्यातला न्हाय," ते म्हणाले. "कुणीतरी सांगितलं असणार. त्या काठाच्या गावांनाच जाऊन इचारू. उद्या सकाळी मला न्यायला या."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी नको म्हटलं नाही. जेवायला वाढलं. शेंगदाण्याची आमटी, कांदा, भाकरी. मी पुण्यात अर्धी खाते, इथे दोन खाल्ल्या, कारण नाही म्हणायला तोंड उघडलं की ताटात पडत होती.

संध्याकाळी बारामतीच्या लॉजवर मी यंत्राशी भांडले. आधी विचारलं, ही ओळ काढावी ना? त्याने काढण्याची कारणं दिली, छान मुद्दे पाडून. मग खोलीत एक फेरी मारून उलटं विचारलं, ही ओळ ठेवावी ना? त्याने ठेवण्याची कारणं दिली, तितक्याच छान. जुन्या माणसांचा अनुभव, स्थानिक परिस्थिती वगैरे. त्याने काठ पाहिलेला नव्हता, आणि मीही पाहिलेला नव्हता. खरं सांगायचं तर मला भीती यंत्राची वाटली नाही. भीती ही वाटली, की तात्यांच्या बोटाखालची ओळ निदान कधीकाळी त्यांच्या डोक्यात होती. गेल्या दोन-तीन वर्षांत मी जे लिहिलं त्यातलं माझ्या डोक्यात कधी होतं तरी का?

भिगवण

सकाळी तात्या तयार होते, इस्त्रीचा सदरा, पायात बूट. काकूंनी गोळीची पुडी माझ्या हातात दिली. "जेवल्यावर द्या. त्यान्ला सांगू नका, तुमीच द्या." रस्ताभर मी दर काही मिनिटांनी पर्स चाचपत होते.

भिगवणला हायवेवरच्या खाणावळीत मासे खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी तात्यांची अट. समुद्राचे मासे खाणाऱ्यांनी नाकं मुरडू नयेत. तळलेली चिलापी आणि तिखट रस्सा इथे असा मिळतो की डोळ्यांतून पाणी यावं. माझ्या आलं, पण काट्यामुळे. काटा घशात अडकला, मी लालबुंद झाले, आणि खाणावळवाल्याने शांतपणे कोरड्या भाकरीचा मोठा तुकडा पुढे केला. "गिळा. चावू नका." गेला. तात्यांनी तोवर दोघांचेही मासे संपवले होते. गोळी दिली, ती त्यांनी निमूट घेतली, आणि पाच मिनिटांनी विचारलं, "माझी गोळी राहिली का?" मी नाही म्हटलं, पण मग मलाच शंका आली आणि पुडी उघडून बघितली.

काठ

भिगवणपासून आत वळलं की पाणी दिसायला लागतं. धरण काठोकाठ भरलेलं होतं. रोहित पक्षी यायला अजून वेळ होता, पण बगळ्यांची आणि पाणकावळ्यांची दाटी होती. बुडालेल्या झाडांचे शेंडे पाण्यातून वर आलेले. पाण्याला लागूनच ऊस, आणि उसातून जाणारा चांगला डांबरी रस्ता.

गट सातमधलं हे पहिलं गाव. कोणाला विचारावं म्हटलं, तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं: शालनआक्का. सत्तरीच्या बाई, दारात ट्रॅक्टर, ओसरीवर बाज. त्यांच्या सूनबाईंनी पाणी आणून दिलं. आम्ही कारखान्याकडून आलो म्हटल्यावर आक्का बाजेवरून खाली उतरल्या.

"कारखान्याकडनं व्हय? बसा. आधी भांडू, मग चा घेऊ."

आणि खरंच भांडल्या. दरसाल आम्हीच मागं. आजूबाजूची गावं तोडून मोकळी, आमच्या उसाला तुरे फुटलेले, ऊस आतून पोकळ. "इचारलं की म्हनत्यात, कॉम्प्युटर म्हनतो. त्या कॉम्प्युटरच्या बापाचं आमी काय खाल्लंय? चेअरमन बदललं तीन, कॉम्प्युटर त्योच!" मी मान खाली घालून ऐकत होते. ओळ काढायची, हे माझ्या मनात पक्कं होत आलं होतं.

बोलता बोलता आक्कांची नजर तात्यांवर स्थिरावली.

"तुमी ते मशीनवालं तात्या न्हवं?"

तात्यांनी मान हलवली.

"आवं, तुमी आला व्हता की हितं! डांबरी न्हवती तवा. नुसती मातीची पाणंद, आन तिच्यात फुगवट्याचं पाणी. त्या साली टोळी आली, ऊस तोडला, भरलेला ट्रॅक्टर पाणंदीत असा रुतला की निघंना. दुसरा आणला, त्योबी रुतला. तोडलेला ऊस उन्हात वाळला, टोळी निघून गेली. मग मी कारखान्याच्या सभेत उठले. बाई मानूस बोलली म्हनून समदे मागं वळून बघाय लागले. मी म्हनलं, पाणी उतरल्याबिगर आमच्या चार गावांत टोळी धाडायची न्हाई! चेअरमन म्हनले, मंजूर. तुमी मागनं बघायला आला, तुमचा बूट चिखलात राहिला, आन तुमी म्हनला, आक्का, मी मशीनला सांगून ठि..."

त्या थांबल्या. तोंड तसंच उघडं राहिलं.

सूनबाईंच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला.

"म्हंजी आमीच?" आक्का म्हणाल्या. "त्या मशीनला आमीच सांगितलं?"

"तुमीच," तात्या म्हणाले.

"आन इतकी वर्सं मी चेअरमनला शिव्या घालतीय!" मग त्यांचा आवाज एकदम चढला. "पर रस्ता झाल्यावर ते काढायचं न्हाई व्हय, तात्या?"

"मला कुणी सांगितलं न्हाय रस्ता झाला म्हणून."

"आन आमाला काय ठावं, आमची गोष्ट मशीनमधी जाऊन बसलीय ते!"

दोघंही खरं बोलत होते. चहा आला. आक्कांनी तात्यांना बुटाची गोष्ट पुन्हा सांगितली, रंगवून. तात्या हसले, "असंल, असंल," म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना त्यातलं काही आठवलेलं नव्हतं. ते पाहुणे म्हणून हसत होते.

मला मात्र हायसं वाटलं. कारण मिळालं, ते संपलं, ओळ काढायची. निघताना फोनच्या नकाशात पाहिलं तर काठाकाठाने एक जवळचा रस्ता थेट गटातल्या दुसऱ्या गावावरून कारखान्याकडे जात होता. मी त्याला लागले. डांबर संपलं, मग मुरूम संपला, मग दोन्ही बाजूंनी ऊस लागला आणि गाडीची पुढची चाकं अलगद खाली गेली. मी मागे घेतली, ती आणखी खाली गेली. दार उघडलं तर पाऊल घोट्यापर्यंत काळ्या चिखलात. नकाशात रस्ता होता. जमिनीवर पाणंद होती आणि तिच्यात फुगवट्याचं पाणी होतं.

माझा धीर सुटला. दुपार कलत होती, संध्याकाळी जाधवांना उत्तर द्यायचं होतं, गाडीत एक विसराळू म्हातारा माणूस होता ज्याची जबाबदारी मी घेतली होती, आणि मी रडायच्या बेतात होते. तात्यांनी काच खाली केली, बाहेर डोकावून चाकाकडे बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "टोळी हितनंच जाणार व्हती न्हवं?"

आक्कांना फोन केला. त्यांच्या मुलाने ट्रॅक्टर आणून गाडी ओढून काढली. त्यानंतर मी नकाशा बंद केला आणि माणसांना विचारत उरलेली दोन गावं केली. एका गावात रस्ता पक्का होता. दुसऱ्यात लोक म्हणाले, धरण भरलं तर आमची तोड उशिरा घ्या, न्हाई भरलं तर लवकर. यंत्राला मी "ठेवू की काढू" असं विचारत होते. गावोगावचं उत्तर वेगळं होतं, आणि एकाचं तर सालोसाल वेगळं.

कारखान्यात

दिवेलागणीला आम्ही जाधवांच्या टेबलाशी पोचलो. माझ्या चपला बाहेर, पाय चिखलाने माखलेले. मी गट सात मोडून चार गावं वेगळी केली. ज्या दोन गावांना रस्ता झाला, त्यांची ओळ काढली. पाणंदीच्या गावाची ठेवली. चौथ्यासाठी प्रोग्रॅम आता दरसाल हंगामाआधी शेतकी ऑफिसला विचारतो, पाणी उतरलं का? जाधवांनी वाचून पाहिलं, फोनवर दोन माणसांशी बोलले आणि म्हणाले, "हां. हे बरूबर बसतंय."

मग मी ओळीच्या वर ती का आहे हे लिहायला घेतलं. सांगायला तात्यांनाच लावलं. त्यांनी डोळे मिटून, एकेक शब्द नीट जोखून सांगितलं: पाणंद पाण्याखाली असेतोवर टोळी पाठवू नये. गावानेच मागितले आहे. रस्ता झाला की काढावे. गावाला विचारून काढावे.

खाली मी त्यांचं नाव टाइप करायला लागले.

"माझं नगं," तात्या म्हणाले. "तुमचं घाला. फोन नंबरासकट."

"ओळ तुमची आहे, तात्या."

"असंल. पर फुडच्या खेपेला कुणी इचारायला आलं, तर सांगणारं मानूस पायजे ना. मी तर ह्याच खेपेला न्हाय सांगू शकलो."

मी माझं नाव लिहिलं, नंबर लिहिला.

तात्यांना लोणीला सोडून मी पुण्याला परत आले. दुसऱ्या दिवशी मोळी पडली, टोळ्या गेल्या, शालनआक्कांचा ऊस तुरा यायच्या आत निघाला. त्यांनी फोन करून तसं सांगितलं आणि चेअरमनला आता काय म्हणू, तेही विचारलं. काम चांगलं झालं असं ऑफिसात सगळे म्हणतात. मला मात्र एक नवी खोड लागली आहे. गाडी चालवताना, भाजी निवडताना, मी मनातल्या मनात म्हणून बघते: काठाची चार गावं, दोघांना रस्ता, एकाला पाणंद, एकाला धरण भरलं तर. सभेत उठलेल्या आक्का, चिखलात राहिलेला बूट.

अजून आठवतंय.